पाचशे प्रश्न सोडवले, मग अडलं कुठं?

प्लेसमेंटचा हंगाम तोंडावर आला की अभियांत्रिकी कॉलेजांच्या कट्ट्यांवर आणि स्टाफरूममध्ये एकच वाद नव्यानं पेटतो. एक गट म्हणतो, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कोडिंग मुलाखती (समोर बसवून प्रोग्राम लिहायला लावणाऱ्या) हा निव्वळ तमाशा आहे. ज्या कामाचा पगार मिळणार त्या कामाशी या प्रश्नांचा काडीचा संबंध नाही. दुसरा गट म्हणतो, रडगाणं पुरे, पाचशे प्रश्न सोडवा आणि नोकरी घ्या. दोघांचाही आवाज मोठा आहे आणि दोघेही भलत्याच जागी भांडताहेत. पहिल्याचं ऐकून परभणीच्या किंवा अंबाजोगाईच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीनं तयारी सोडली तर नुकसान तिचं. दुसऱ्याचं ऐकून तिनं आकडा गाठला आणि ऐन मुलाखतीत तिची वाचा बसली, तरी नुकसान तिचंच. माझं म्हणणं सरळ आहे. कोडिंग मुलाखत राहायला हवी, आणि पुण्या-बंगळुरूच्या मुलांपेक्षा मराठवाड्याच्या मुलांसाठी ती जास्त राहायला हवी. मात्र तिची जी तयारी आपल्याकडे चालते तिचा मोठा भाग वाया जातो, कारण आपण सुटलेले प्रश्न मोजत बसतो आणि समोरचा माणूस आपला विचार ऐकायला बसलेला असतो.

विरोधकांचे मुद्दे हलके नाहीत, म्हणून आधी तेच घेऊ. पहिला मुद्दा कामाशी संबंध नसण्याचा. २०१५ साली मॅक्स हॉवेल या प्रोग्रामरनं जाहीरपणे लिहिलं, की गूगलचे बहुतेक इंजिनिअर त्यानं बनवलेलं होमब्रू (मॅकवर सॉफ्टवेअर बसवण्याचं साधन) वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री (फांद्याफांद्यांनी माहिती साठवायची रचना) उलटी करता आली नाही म्हणून गूगलनं त्याला परत पाठवलं. हा किस्सा आजही प्रत्येक वादात येतो, आणि त्यात तथ्य आहे. रोजच्या कामात लिंक्ड लिस्ट (एकमेकींना जोडलेल्या नोंदींची साखळी) हातानं कुणी लिहीत नाही. लायब्ररीत, म्हणजे आयत्या कोडच्या संग्रहात, ती तयार असते. त्याआधीच्या काळात तर विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील असली कोडी विचारली जात. ती कोडी म्हणजे वेळेचा शुद्ध अपव्यय होता, अशी कबुली गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये दिली. म्हणजे कंपन्या मुलाखतीत चुकू शकतात, वर्षानुवर्षं चुकू शकतात, हे त्यांनीच मान्य केलेलं आहे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक प्रयोग मांडला. काही जणांना फळ्यावर, मुलाखतकारासमोर, मोठ्यानं बोलत प्रश्न सोडवायला सांगितला. काहींना तसाच प्रश्न एकट्यानं खोलीत बसून सोडवायला दिला. नुसतं कुणीतरी बघतंय एवढ्यानं कामगिरी निम्म्याहून खाली आली. मग मुलाखत मोजते काय, कोडिंग की घाबरटपणा? या प्रश्नाला उडवून लावता येत नाही. तिसरा मुद्दा वेळेचा आणि पैशाचा: ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप, न तुटणारं इंटरनेट आणि सहा महिने बसून राहण्याची ऐपत आहे, तो पुढं जातो. चौथा मुद्दा ताजा आहे: हे सगळं आता कृत्रिम बुद्धिमत्ता दोन सेकंदांत लिहून देते, मग माणसाला कशाला छळता?

हे चारही मुद्दे मान्य करून एक साधा प्रश्न विचारतो. ही फेरी काढून टाकली तर तिच्या जागी काय येईल? कंपनीला हजार अर्जांतून दहा जण निवडायचेच आहेत. मग ती काय बघेल? कॉलेजचं नाव बघेल, रेफरल (आतल्या माणसाची शिफारस) बघेल, इंटर्नशिप कुठं केली ते बघेल, इंग्रजी किती सफाईदार आहे ते बघेल. यांतली कोणती गोष्ट जिंतूरच्या पोराकडे जास्त आहे? घरी नेऊन करायची असाइनमेंट हा पर्याय सुचवला जातो. तो ऐकायला सभ्य वाटतो. प्रत्यक्षात आठ-दहा तास फुकट राबवून घेतो, आणि आजच्या घडीला ती असाइनमेंट कुणी लिहिली हे सांगणंही कठीण. प्रोजेक्ट बघा म्हणावं, तर अंतिम वर्षाचे प्रोजेक्ट रिपोर्टसकट विकत मिळतात हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

इतिहासात हा पेच एकदा येऊन गेला आहे. १८५५ पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीवर मिळत. त्या वर्षापासून लंडनमध्ये स्पर्धा परीक्षा सुरू झाली. परीक्षा न्याय्य होती का? मुळीच नाही. ती फक्त लंडनला होई, ग्रीक आणि लॅटिनला भरघोस गुण असत, आणि १८७० च्या दशकात कमाल वयाची अट २१ वरून १९ वर आणली गेली, म्हणजे भारतीय मुलानं शाळा संपता संपता बोट गाठावी. सत्येंद्रनाथ टागोर १८६३ मध्ये पहिले भारतीय उमेदवार म्हणून उत्तीर्ण झाले, पण त्यांच्या मागून जाणारे बरीच वर्षं मोजकेच राहिले. तरीही १८८५ मध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनानं मागितलं काय? परीक्षा मोडा आणि पुन्हा शिफारस आणा, अशी मागणी कुणीही केली नाही. हीच परीक्षा त्याच वेळी हिंदुस्थानातही घ्या आणि वयाची अट वाढवा, असं त्यांनी मागितलं. १८९३ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सनं तसा ठराव केला, सरकारनं तो बासनात गुंडाळला, आणि प्रत्यक्षात इथं परीक्षा व्हायला १९२२ साल उजाडलं. जवळजवळ चार दशकं धीर धरून ती माणसं एकाच मागणीवर ठाम राहिली, कारण वाकडी का होईना, पण परीक्षा ही शिफारशीपेक्षा बरी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज परीक्षाच नको म्हणणाऱ्यांना हे ठाऊक आहे असं वाटत नाही.

दार पूर्ण उघडं आहे असा माझा दावा नाही. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हींत साठ टक्क्यांची अट घालून टेस्टची लिंक मिळण्याआधीच कित्येकांना वगळलं जातं. बड्या प्रॉडक्ट कंपन्या कॅम्पस ड्राइव्हसाठी नांदेडपर्यंत येत नाहीत. पण ऑफ-कॅम्पस ऑनलाइन टेस्ट आणि खुल्या कोडिंग स्पर्धा इथं नाव-गाव न विचारता कोड तपासला जातो, आणि या तयारीला पैसा इतर कुठल्याही तयारीपेक्षा कमी लागतो. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन उपक्रमावरचे डेटा स्ट्रक्चर्सचे (माहिती साठवायच्या रचनांचे) कोर्स बघायला फुकट, कोडशेफसारख्या सरावाच्या संकेतस्थळांवर बराचसा सराव फुकट. लातूरला मेडिकलच्या क्लाससाठी जी फी आपण निमूट भरतो तिच्यासमोर हा खर्च नगण्य आहे. तेव्हा ऐपतीचा मुद्दा खरा असला तरी तो या परीक्षेविरुद्ध वापरणं चुकीचं. इतर सगळ्या दारांवर ऐपत याहून जास्त लागते.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं बघू, कारण नव्या पिढीचा सगळ्यात आवडता युक्तिवाद तोच आहे. समजा, पीकविम्याच्या एक लाख अर्जांच्या यादीत एकच आधार क्रमांक दोनदा आलाय का ते शोधायचं आहे. मशीननं लिहून दिलेला कोड प्रत्येक क्रमांक घेतो, तो आधी पाहिलेल्यांच्या लिस्टमध्ये आहे का विचारतो, नसेल तर तिच्यात टाकतो. चार ओळींचा कोड, वाचायला देखणा, दोनशे नोंदींवर क्षणात चालतो. पण लिस्टमध्ये ‘आहे का’ असं विचारणं म्हणजे आत दडलेलं एक आख्खं लूप (पुन्हा पुन्हा चालणारी फेरी) असतं. एक लाख नोंदींवर ते जवळजवळ पाचशे कोटी तुलनांवर जातं, आणि पायथन या भाषेत ते मिनिटभर किंवा त्याहूनही जास्त चालत राहतं. लिस्टच्या जागी सेट (नोंद आहे की नाही ते थेट सांगणारी रचना) ठेवला की काम साधारण एक लाख पावलांत होतं. यादी आधी क्रमानं लावून घेतली तरी सतरा लाखांच्या आसपास. हे एका नजरेत ओळखणं हेच तर कोडिंग मुलाखत तपासते. कोड लिहिण्याचं काम मशीनकडे गेलं तसं तो वाचून ‘इथं फसेल’ म्हणणाऱ्याचं मोल वाढलं.

आणि ‘लायब्ररीत तयार असतं’ या युक्तिवादाचं काय? बायनरी सर्चपेक्षा (क्रमानं लावलेली यादी दर वेळी अर्धी करत शोधण्यापेक्षा) सोपं, पाठ्यपुस्तकी काही नाही. तरी २००६ मध्ये प्रोग्रामर जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिलं, की जावा या भाषेच्या अधिकृत लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षं चूक दडून होती. मधला क्रमांक काढायला लो आणि हाय (शोधाच्या पट्ट्याची दोन टोकं) यांची बेरीज करून दोननं भागलं जाई. ३२ बिटांच्या इंटीजरमध्ये (पूर्णांक साठवायच्या जागेत) ही बेरीज २१४ कोटींच्या पुढं गेली की ऋण होते आणि प्रोग्राम कोसळतो. उपाय एका ओळीचा: हायमधून लो वजा करा, त्याचं अर्धं करा, ते लोमध्ये मिळवा. ही चूक जगातल्या उत्तमोत्तम लोकांच्या डोळ्यांखालून गेली. तेव्हा मुलाखतीत मुलाला बायनरी सर्च लिहायला सांगून ‘अॅरे (संख्यांची रांग) फार मोठा असेल तर?’ असं विचारणं हा छळ नव्हे.

इथपर्यंत पहिल्या गटाशी भांडलो. दुसऱ्या गटाशी भांडण जास्त कडवट आहे, कारण तो आपल्याच घरातला आहे. मराठवाड्याला परीक्षा कशी जिंकायची हे शिकवावं लागत नाही. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयातून जो पॅटर्न उभा राहिला त्यानं बारावीच्या गुणवत्ता याद्यांत या दुष्काळी भागाचं नाव नेऊन बसवलं, आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडू नये. पण त्या पॅटर्नचे दोन भाग आहेत. एक भाग शिस्तीचा: वारंवार चाचण्या, प्रत्येक पेपर तपासून चुका दाखवणं, तोच धडा पुन्हा. दुसरा भाग अंदाजाचा: प्रश्न कोणते येतील ते हेरायचं आणि त्यांची उत्तरं घोटून घ्यायची. कोडिंगच्या तयारीत आपण नेमका दुसरा भाग उचलला. कुणाची तरी प्रश्नांची शीट डाऊनलोड करायची, वीस मिनिटं डोकं खाजवायचं, उत्तराचा व्हिडिओ बघायचा, कोड टाइप करायचा, हिरवी खूण आली की पुढचा प्रश्न. स्ट्रीक (रोजच्या सरावाची सलग साखळी) तुटू द्यायची नाही. पाचशेव्या प्रश्नाला स्टेटस ठेवायचं. यात चाचणी कुठं आहे? चूक दाखवणारा कोण आहे?

घोकलेलं कुठं फसतं ते एका उदाहरणानं सांगतो, जरा बारकाईनं. प्रश्न असा: संख्यांच्या अॅरेमध्ये सलग संख्यांचा असा सगळ्यात लांब तुकडा शोधा ज्याची बेरीज के या दिलेल्या संख्येइतकी आहे. शीटवाल्या मुलाला स्लायडिंग विंडो पाठ असते. उजवीकडून संख्या घेत जायच्या, बेरीज के पेक्षा जास्त झाली की डावीकडून सोडत जायच्या. तो झरझर लिहितो. मुलाखतकार विचारतो, संख्या ऋणही असल्या तर? मुलगा म्हणतो, चालेल. आता अॅरे घ्या ५, उणे १, २ आणि के घ्या ४. पहिलीच संख्या ५, ती ४ पेक्षा मोठी, म्हणून सोडली. मग उणे १, मग २ मिळून १. अॅरे संपला, उत्तर सापडलं नाही. पण ५ आणि उणे १ मिळून ४ होतातच की! विंडोची सगळी मदार एका गृहीतकावर आहे: संख्या मिळवली की बेरीज वाढते. ऋण संख्या आली की ते गृहीतक मेलं. ज्यानं पद्धत पाठ केली त्याला हे गृहीतक कधी भेटलेलंच नसतं, कारण व्हिडिओत ते पहिल्या अर्ध्या मिनिटात येऊन जातं आणि तेव्हा तो प्लेबॅकचा वेग वाढवत असतो.

बरोबर मार्ग असा: सुरुवातीपासूनची चालती बेरीज ठेवा. इथं ती ५, ४, ६ अशी जाते. प्रत्येक टप्प्यावर चालत्या बेरजेतून के वजा करा आणि ती संख्या आधी कधी चालती बेरीज म्हणून आली होती का ते हॅशमॅपमध्ये (कुठली बेरीज कुठल्या जागी आली याच्या नोंदवहीत) बघा. दुसऱ्या टप्प्यावर ४ वजा ४ म्हणजे शून्य. हे शून्य मॅपमध्ये सुरुवातीलाच टाकून ठेवलेलं असेल तर उत्तर सापडतं. टाकलं नसेल तर पहिल्या संख्येपासून सुरू होणारे सगळे तुकडे निसटतात. दुसरी हमखास चूक: एखादी चालती बेरीज पुन्हा आली की मॅपमधली जुनी जागा पुसून नवी लिहिणं. आपल्याला सगळ्यात लांब तुकडा हवा आहे, म्हणून पहिलीच जागा जपायची. या दोन चुका एकदा स्वतः केल्या, स्वतः पकडल्या आणि वहीत लिहिल्या, तर तो एक प्रश्न पुढचे दहा शिकवतो. व्हिडिओ बघून सोडवला तर तो फक्त आकड्यात एकची भर घालतो.

केंब्रिजमध्ये गणिताच्या ट्रायपॉस या पदवी परीक्षेचं असंच झालं होतं. आपल्याला ती रँग्लर परांजप्यांमुळे माहीत. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर, म्हणजे यादीत पहिले, झाले आणि घराघरांत नाव पोचलं. त्या परीक्षेभोवती खासगी शिकवण्यांचा धंदा उभा राहिला होता. एडवर्ड राउथ या एकट्या शिक्षकाच्या हाताखालून दोन डझनांहून अधिक सीनियर रँग्लर निघाले. मुलं गणित शिकत नाहीत, पेपर शिकतात, अशी तक्रार होती, आणि हार्डींसारखे गणितज्ञ ती करणाऱ्यांत पुढं होते. केंब्रिजनं काय केलं? १९०९ नंतर गुणानुक्रमे यादी जाहीर करणं बंद केलं. परीक्षा ठेवली, क्रमांकाची हाव काढली. आपल्याकडचा सुटलेल्या प्रश्नांचा आकडा ही तीच हाव आहे. तो मोजणं बंद करा, एवढं केलं तरी निम्मा रोग जाईल.

मग करावं काय? दीडशे प्रश्न पुरतात, असं माझं मत आहे, पण ते प्रत्येकी तीन-चारदा. पहिल्यांदा सोडवताना घड्याळ लावून पस्तीस मिनिटं. तोवर उत्तराकडे बघायचं नाही. अडलंच तर फक्त एक इशारा वाचायचा आणि पुन्हा बसायचं. मग तोच प्रश्न तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी, महिन्यानं, कोऱ्या पानावरून. लिहायचं साध्या एडिटरमध्ये, जिथं सूचना येत नाहीत, कारण मुलाखतीत कित्येकदा नुसतं कोरं पान समोर असतं आणि एरवी आपोआप पूर्ण होणारा शब्द तिथं आठवत नाही. भाषा एकच धरायची. पायथन घेतलं तर रिकर्शनची (फंक्शननं स्वतःलाच बोलावण्याची) मर्यादा मुळात हजारच्या आसपास असते हे ठाऊक हवं. सी प्लस प्लस घेतलं तर इंटमध्ये संख्या कुठं मावेनाशी (ओव्हरफ्लो) होते ते. चुकांची वही ठेवायची आणि प्रत्येक चुकीपुढं तिची जात लिहायची: प्रश्नच नीट वाचला नव्हता, मार्ग सुचला नाही, मार्ग सुचला पण टोकाची केस निसटली, की नुसती टायपिंगची चूक. चार आठवड्यांनी वही उघडली की कुठली जात जास्त आहे ते दिसतं. बहुतेकांना वाटतं आपला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (मोठा प्रश्न छोट्या तुकड्यांतून सोडवत त्यांची उत्तरं जपायची पद्धत) कच्चा आहे. वही सांगते की ते रिकामा अॅरे तपासत नाहीत.

इनपुटचा आकार वाचायला शिकणं हेही यातच येतं, आणि ते कुणी शिकवत नाही. प्रश्नात एनची, म्हणजे नोंदींच्या संख्येची, मर्यादा एक लाख दिली असेल आणि वेळ दोन सेकंद, तर दोन लूप एकात एक घालून हजार कोटी पावलं होतात. वेगवान भाषेतही सेकंदाला दहा-वीस कोटींच्या आसपासच साधी पावलं पडतात. म्हणजे कोड लिहिण्याआधीच कळलं पाहिजे की हा मार्ग बंद. उलट मर्यादा वीस असेल तर सगळे उपसंच, साडेदहा लाखांच्या आत, बिनधास्त तपासून बघता येतात. मर्यादेची ती एक ओळ अर्धं उत्तर सांगून टाकते, आणि आपली मुलं नेमकी तीच ओळ ओलांडून पुढं वाचतात.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुर्लक्षित: बोलणं. पंचेचाळीस मिनिटांतली पहिली पाच-सात प्रश्न समजून घेण्यात जायला हवीत. संख्या ऋण असतील का, एकच संख्या दोनदा येईल का, अॅरे रिकामा असेल का, उत्तर नसेल तर काय परत द्यायचं. मग दहा मिनिटं मार्ग बोलून दाखवायचा: आधी सरळसोट मार्ग, तो किती वेळ घेईल, तो का पुरणार नाही, मग सुधारणा. मुलाखतकारानं मान डोलावली की वीस मिनिटं कोड. उरलेल्या वेळात एक छोटं उदाहरण घेऊन ओळीमागून ओळ हातानं चालवून बघायची, आणि आपली चूक आपणच सांगायची. स्वतः पकडलेली चूक बहुधा फायद्याचीच ठरते. मुलाखतकारानं दाखवलेली महागात पडते. आपल्याकडची मुलं पहिल्या मिनिटाला टायपिंग सुरू करतात आणि विसाव्या मिनिटापर्यंत चकार शब्द काढत नाहीत. समोरच्याला वाटतं, याला काही येत नाही, किंवा दुसऱ्या खिडकीतून कुणीतरी सांगतंय. दोन्ही अंदाज चुकीचे असू शकतात, पण शांततेतून त्याला दुसरं काय कळणार?

हे गप्प होणं इंग्रजीमुळे होतं असं सरसकट म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे. मुलानं मराठीतही कधी मोठ्यानं विचार केलेला नसतो. म्हणून सराव आधी मराठीत करावा, असं मी आग्रहानं सांगेन. दोघांनी बसायचं, एकानं विचारायचं, दुसऱ्यानं मराठीत बडबडत सोडवायचं. विचारणाऱ्यानं तो प्रश्न आधी स्वतः सोडवलेला असला पाहिजे, नाहीतर तो इशारा देऊ शकत नाही. आठवड्याला दोनदा, मग जागा बदलायच्या. विचार बोलण्याची सवय लागली की त्यावर इंग्रजी चढवायला चाळीस-पन्नास ठरीव वाक्यं पुरतात: मी असं गृहीत धरतोय, हा मार्ग इतका वेळ घेईल, मला एक मिनिट विचार करू द्या. व्याकरणाच्या चुकांसाठी हैदराबादचा मुलाखतकार कुणाला नापास करत नाही. त्याची स्वतःची मातृभाषाही इंग्रजी नसते. आणि तो २०२० चा प्रयोग आठवा. कुणी बघत असताना बुद्धी निम्मी होते हे खरं असेल, तर कुणीतरी बघत असताना सराव करणं हाच त्यावरचा हाताशी असलेला उपाय आहे. एकट्यानं कोपऱ्यात सोडवलेल्या पाचशे प्रश्नांनी तो होत नाही.

एक बाजू इथं झटकन सांगून टाकतो. साडेतीन-चार लाखांच्या पॅकेजवर एकाच वेळी शेकड्यांनी भरती करणाऱ्या सर्व्हिस कंपन्यांसाठी ग्राफ आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंगच्या मागं सहा महिने घालवण्यात अर्थ नाही. तिथं अॅप्टिट्यूड, अॅरे आणि स्ट्रिंगवरचे सोपे प्रश्न, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले जॉइन आणि ग्रुप बाय, आणि आपल्या प्रोजेक्टवर प्रामाणिक पंधरा मिनिटं बोलता येणं एवढं लागतं. विकत घेतलेला प्रोजेक्ट ‘हे टेबल वेगळं का केलं?’ या एका प्रश्नात उघडा पडतो.

कंपन्यांकडेही मागण्या हव्यात, आणि १८८५ सारख्याच नेमक्या हव्यात. फसवणुकीच्या भीतीनं समोरासमोरच्या फेऱ्या परतू लागल्या आहेत. गूगलनंही २०२५ मध्ये निदान एक फेरी समोरासमोर घेण्याकडे वळत असल्याचं सांगितलं. त्याचा फटका कुणाला बसेल? नांदेडहून पुणं साडेचारशे किलोमीटर आहे. हैदराबाद त्याहून बरंच जवळ, पण तिथंही रात्रीचा प्रवास करून सकाळी दहाला ताजंतवानं बसायचं म्हणजे आदल्या दिवसाची खोली आली, तिचं भाडं आलं. म्हणून मागायचं हे, की समोरासमोरची फेरी छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडलाही घ्या. दोन मुलाखतकार, दोन दिवस, एखाद्या कॉलेजची लॅब. आणि प्रश्न दिल्यावर पहिली दहा मिनिटं उमेदवाराला एकट्याला सोडा. या शेवटच्या मागणीला कंपनीचा एक रुपया जास्त लागत नाही.

पण कंपन्यांना सांगण्याआधी आपल्या हातात जे आहे ते बघू: डेटा स्ट्रक्चर्सची प्रॅक्टिकल परीक्षा. ती आज बऱ्याच ठिकाणी कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे. मॅन्युअलमधल्या दहा-बारा प्रोग्रामपैकी एकाची चिठ्ठी निघते, मुलगा तो पाठ म्हणून उतरवतो, जर्नलवर सही होते, ओरलमध्ये स्टॅकची व्याख्या विचारतात. या परीक्षेची जागा न पाहिलेल्या प्रश्नानं घ्यावी. वीसची बॅच असेल तर सगळ्यांना एकाच वेळी चाळीस मिनिटं लिहायला द्या. शेजाऱ्यांना वेगवेगळे प्रश्न, चार संच पुरतात. मग प्रत्येकाशी आठ मिनिटं त्याच्याच कोडवर बोला: हा मार्ग का, किती वेळ लागेल, हे इनपुट दिलं तर काय होईल. वीस जणांची एकशे साठ मिनिटं होतात. अंतर्गत आणि बहिस्थ असे दोन परीक्षक वाटून घेतील तर ऐंशी. लिहिण्याचा वेळ धरून दोन तास, म्हणजे तीन तासांच्या स्लॉटमध्ये सहज बसतं. ‘वेळ पुरणार नाही’ ही पहिली हरकत इथंच संपली. दुसरी हरकत असेल की अर्धी मुलं नापास होतील. पंचवीसपैकी आठ गुण मार्ग सांगण्याला, सात कोडला, पाच स्वतः शोधलेल्या टोकाच्या केसेसना आणि पाच बोलण्याला ठेवले, बोलणं मराठीत चालेल असं छापून दिलं, आणि पहिल्या सत्रापासून दर पंधरा दिवसांच्या लॅबमध्ये हेच केलं, तर ज्याचा कोड पूर्ण चालला नाही तोही दहा-बारा गुणांवर सुटतो. स्वायत्त कॉलेजांना यासाठी विद्यापीठाच्या परवानगीचीही वाट बघावी लागत नाही. अभ्यास मंडळाच्या पुढच्या बैठकीत ठराव आणून सुरुवात करता येईल.